घाई न केलेला दरवाजा

यवतमाळच्या एका साध्या गॅरेजात, भर मे महिन्यात दुरुस्त झालेला गाडीचा एक दरवाजा हा या लेखाचा विषय आहे. पुढचा, डावा, चंदेरी मेटॅलिक रंगाचा. आर्णीच्या बाजूने येताना रस्ता ओलांडणारा रोही (नीलगाय) त्यावर आदळला होता. दरवाजाच्या मधोमध पसरट खळगा पडला होता, आणि पुढच्या फेंडरपासून मागच्या दरवाजापर्यंत जाणारी बॉडीची उठावदार रेघ बरोबर मध्ये मोडली होती. आज तो दरवाजा पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. पण हे ‘काहीच न दिसणं’ कशाकशाचं बनलं आहे, ते थर सोडवत वाचण्याजोगं आहे. मला तो दरवाजा आवडतो, कारण त्याच्या प्रत्येक थरात कोणीतरी योग्य जागी थांबलेलं आहे.

इथे थांबणं सोपं नसतं. मे महिन्यात यवतमाळात पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो. हा झाला सावलीतल्या हवेचा आकडा. उन्हात उभ्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा 70 अंशांच्याही पुढे तापतो. रंगकामातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थाला मिळालेला वेळ ही उष्णता कापते. पुट्टीत हार्डनर मिसळल्यावर ती हाताळायला एरवी चार-पाच मिनिटं मिळतात, ती निम्म्यावर येतात. स्प्रे-गनमधून सुटलेल्या थेंबातला थिनर पत्र्यापर्यंत पोचण्याआधीच उडू लागतो. वरून सगळं लवकर वाळलेलं दिसतं, म्हणून पुढचा हात मारायचा मोह होतो. उन्हाळ्यातलं डेंटिंग-पेंटिंग म्हणजे उन्हाने चोरलेली ही मिनिटं रंगाला परत मिळवून देण्याची कला. या दरवाजाचं सौंदर्य मला तिथेच सापडतं.

पहिला थर पत्र्याचा. बाहेरच्या पॅनलचा पत्रा जेमतेम 0.7 मिलिमीटर जाडीचा असतो. धक्का बसला की तो दबतो, काही ठिकाणी ताणला जातो, आणि जिथे दुमडतो तिथे पहिल्यापेक्षा कडक होतो. अननुभवी हात खळग्याच्या मध्यावर हातोडी घालतो आणि पत्रा आणखी ताणून ठेवतो. इथल्या डेंटरने आतली ट्रिम काढली, आतून हात कुठवर पोचतो ते पाहिलं आणि सुरुवात मोडलेल्या रेघेपासून केली. ही रेघ पॅनलची ताकद असते. ती जागेवर आली की तिच्या वरचा-खालचा पत्रा बराचसा आपणहून मोकळा होतो. मग खळग्याच्या कडेने, जिथे पत्रा सर्वांत शेवटी दुमडला होता तिथून, आत डॉली, म्हणजे टेकवायचा लोखंडी ठोकळा, धरून हलक्या ठोक्यांनी मध्याकडे. नुकसान ज्या क्रमाने झालं त्याच्या उलट क्रमाने ते उलगडत न्यायचं, हा या कामाचा व्याकरणनियम, आणि तो इथे शेवटपर्यंत पाळलेला आहे.

तरी रोह्याच्या खांद्याने ताणलेला एक भाग उरला. दाबला की आत जाई, सोडला की ‘टक्’ आवाज करून बाहेर येई. अशा जागी पुट्टी भरून वेळ मारून नेता येते, पण यवतमाळचं ऊन ती लबाडी उघडी पाडतं. एक मीटर लांबीचा लोखंडी पत्रा 40 अंशांनी तापला तर सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. सैल पत्रा दुपारी फुगतो, रात्री बसतो. वरची पुट्टी त्याच्या मापाने वाढत नाही, आणि मग तिला तडा जातो. म्हणून डेंटरने गॅसच्या ज्योतीने एक लहानसा ठिपका लाल केला, त्यावर हलके ठोके दिले आणि ओलं फडकं टेकवलं. तापलेली जागा आकसली, सैलपणा गेला. एकच मोठा चटका देण्याऐवजी लहान लहान ठिपके, आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये पत्रा थंड होईपर्यंत विश्रांती. शेवटी आतल्या जळलेल्या जागेवर पुन्हा गंजरोधक प्रायमर लावला आणि दरवाजाच्या तळाची पाणी निघायची भोकं मोकळी केली. हे काम गिऱ्हाईक कधीच पाहणार नाही. पण जूनचा पाऊस आतूनच गंज चढवतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याचं लक्ष आधी या भोकांकडे जातं.

दुसरा थर पुट्टीचा. तिच्याबद्दल लोकांच्या मनात अढी आहे, आणि बोट-बोट जाडीची पुट्टी भरणाऱ्यांनी ती कमावलेली आहे. पण पुट्टी हा दोष नाही. ती किती आणि कशावर भरली, यावर सगळं ठरतं. इथे पत्रा एवढा सरळ झाला होता की पुट्टीचं काम उरलं ते हातोडीच्या खुणा भरण्यापुरतं. हार्डनर वजनाच्या दोन-तीन टक्के एवढाच लागतो. घाईत तो जास्त पडला तर महिन्यांनी वरच्या रंगातून डाग उमटू शकतो. उन्हाळ्यात तो मर्यादेत राहून थोडा कमीच घ्यावा लागतो, आणि एका वेळी पत्तीवर मावेल एवढीच पुट्टी कालवावी लागते. पेंटर दर वेळी नवा लहान गोळा घेत होता. वाटीभर पुट्टी एकदम कालवून ती कडक होण्याआधी पसरवायची धावपळ त्याने केली नाही. पहिला पातळ थर पत्र्यावर दाबून, दुसरा त्याच्यावर. मग लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेला 80 नंबरचा पेपर, नंतर 180, नंतर 320. सगळं कोरडं घासलेलं, कारण ही पुट्टी पाणी पिते, आणि रंगाखाली कोंडलेलं पाणी पुढे फोड होऊन वर येतं.

घासताना त्याचा डावा तळहात सारखा पॅनलवरून फिरत होता, मध्ये सुती फडकं धरून. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा चढउतार अशा हाताला कळतो. चुकीच्या जागी जरा उंचवटा राहिला असता तर तो आज ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबात वाकलेला दिसला असता. दरवाजासमोर उभं राहून ते प्रतिबिंब पाहावं. प्रकाशाची रेघ फेंडरवरून येते, दरवाजावरून जाते, मागच्या दरवाजावर उतरते, आणि कुठेही अडखळत नाही. या कामात मला सर्वांत मोठी दाद द्यावीशी वाटते ती या न अडखळण्याला.

तिसऱ्या थराकडे कोणी पाहत नाही, पण माझ्या मते या दरवाजाचं चारित्र्य तिथे आहे. प्रायमर-सरफेसर मारून झाला तेव्हा दुपार होती. मे महिन्यात तो तासाभरात हाताला कोरडा लागतो, घासताही येतो. संध्याकाळपर्यंत गाडी तयार करता आली असती. पण वरून कोरड्या दिसणाऱ्या थरात खाली थिनर शिल्लक असतो. तो पुढचे काही दिवस बाहेर पडत राहतो, थर आकसतो, आणि खालच्या पेपरचे ओरखडे चकचकीत रंगातून बारीक रेघांसारखे वर येतात. म्हणून पेंटर गिऱ्हाइकाला म्हणाला, “भाऊ, आज नाही होत. उद्या सकाळी मारतो.” दरवाजा रात्रभर तसाच राहिला. त्या एका रात्रीचा रंग कुठे दिसत नाही, पण तिच्यावाचून आजची सपाटी टिकली नसती.

मग सकाळ. ऊन पत्र्यावर येण्याआधी, पारा तिशीच्या आसपास असताना. रात्री बाहेर असलेला दरवाजा गारच होता. पेंटरने हाताची पालथी बाजू टेकवून ते तपासलं, कारण हवेपेक्षा पत्रा किती तापलेला आहे हे महत्त्वाचं. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली. वणीच्या बाजूला कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ, जिनिंगच्या हंगामात हवेत तरंगणारी रुई, उन्हाळ्यात वावटळीची माती: या जिल्ह्यात ओल्या रंगावर बसायला काहीतरी नेहमीच तयार असतं. कूलर मात्र त्याने बंद ठेवला. त्याची ओलसर हवा माणसाला बरी वाटते, पण क्लिअरच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराच्या, हार्डनरचं पाण्याशी जमत नाही. दमट हवेत चकाकी मरते, बुडबुडे धरतात.

चौथा थर रंगाचा, आणि सगळ्यात कठीण परीक्षा इथे. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक चपटे कण असतात. थर ओला पडला तर ते खाली उतरतात, थोडे वाकडेतिकडे होतात, आणि समोरून शेड गडद दिसते. थेंब वाटेतच सुकू लागला तर कण वरच्यावर पसरट अडकतात आणि शेड उजळ दिसते. म्हणजे डबा तोच, शेड तीच, गनही तीच, तरी जानेवारीत मारलेला रंग आणि मे महिन्यात मारलेला रंग वेगळा दिसू शकतो. चंदेरी रंग या बाबतीत फार निष्ठुर. पेंटरने सावकाश उडणारा स्लो थिनर घेतला, गन पत्र्यापासून वीतभर अंतरावर धरली, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत नेला. शेवटचा हात थोडा लांबून, हलका, कण सारखे पसरावेत म्हणून. शिवाय रंग दरवाजाच्या कडेला तोडला नाही. तो फेंडरवर आणि मागच्या दरवाजावर विरत नेला, म्हणजे नव्या-जुन्यातली सीमा डोळ्याला सापडू नये. समोरून, तिरकं, सकाळी आणि सूर्य मावळताना, चारही प्रकारे पाहिलं तरी शेड फुटत नाही. ढगांसारखे गडद-उजळ डागही धरलेले नाहीत.

पाचवा थर क्लिअरचा, सुमारे 40-50 मायक्रॉनचा. उन्हाचा मार यापुढे हाच थर सोसणार. घाईचं पाप सर्वांत स्पष्ट दिसतं तेही इथेच. तापल्या दुधावर साय धरते आणि खालची वाफ तिला फोडून वर येते, तसंच जाड मारलेल्या क्लिअरचं होतं. वरचा पापुद्रा आधी बंद होतो, खाली कोंडलेला थिनर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडून निसटतो. उलट थर फार सुका पडला तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उठतो. दोन्हींच्या मधली वाट अरुंद आहे. पेंटरने पहिला हात मारला आणि थांबला. शेजारच्या मास्किंग टेपवर पडलेल्या क्लिअरला बोट टेकवून पाहिलं, पुन्हा थांबला. मगच दुसरा हात.

इथे एक शंका रास्त आहे. मोठ्या वर्कशॉपच्या बूथमध्ये रंग 60 अंशांवर अर्धा तास भाजतातच, मग यवतमाळचं ऊन फुकट मिळालेला बूथ का मानू नये? कारण बूथमध्ये उष्णता येते ती थिनर उडून गेल्यावर, हळूहळू आणि सगळीकडून सारखी. ऊन पहिल्या मिनिटापासून एकाच बाजूने पडतं, आणि आपल्याबरोबर धूळ व वारा घेऊन येतं. हा दरवाजा सावलीत वाळला. ऊन त्याला भेटलं ते नंतर, थर पक्का झाल्यावर.

या कामामागे मोठा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीला ब्रशने दिलेलं व्हार्निश वाळायला आठवडे लागत. 1923 मध्ये ड्यूपाँ कंपनीने जनरल मोटर्ससाठी ‘ड्यूको’ लॅकर आणलं आणि ते आठवडे तासांवर आले. आपल्याकडे अँबॅसॅडर आणि पद्मिनीच्या जमान्यातले पेंटर आजही ड्यूकोचं नाव घेतात. त्या लॅकरमधलं नायट्रोसेल्युलोज बनतं सरकीवरच्या आखूड कापूस-तंतूंपासून. कापसाच्या जिल्ह्यात हे आठवताना बरं वाटतं. ड्यूको पावसाळी हवेत पांढुरकं पडायचं, हाताने घासून घासून चमकवावं लागायचं, पण चूक झाली तर सुधारू द्यायचं. आजचा दोन भागांचा रंग टिकाऊ आहे, आणि चुकीला क्षमा कमी करतो. म्हणूनच त्याला हात लावणाऱ्याचा संयम जास्त मोलाचा.

दरवाजा निर्दोष नाही. खालच्या कडेला, गुडघ्यावर बसून पाहिलं तर, क्लिअरमध्ये धुळीचा एक कण अडकलेला आहे. 2000 नंबरच्या पेपरने घासून, पॉलिश करूनही तो पुरता गेलेला नाही. काचेच्या रबराजवळ टेपची कड बोटाला पुसटशी लागते. बंद बूथ नसलेल्या, पत्र्याच्या शेडमधल्या कामात एवढं राहणारच. मात्र यातला एकही दोष घाईतून आलेला नाही, आणि एकही पुढे वाढणारा नाही. टिकाऊपणाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र मला मनापासून काळजी वाटते. क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला की कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर बिथरलं की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा दुपट्टा त्याला अडवत नाही. त्यासाठी बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो, निदान चांगल्या प्रतीचा, वेळेवर बदललेल्या फिल्टरचा मास्क तरी. 44 अंशांत तोंडावर रबर चढवून काम करणं जिवावर येतं, हे खरं. पण इतक्या बारकाईने रंगाचा श्वास सांभाळणाऱ्या माणसाचा स्वतःचा श्वास असा उघडा राहू नये.

पांढरकवड्यापासून उमरखेडपर्यंत, रस्त्याकाठच्या शेडमध्ये असे हात काम करत आहेत. रोही, रानडुक्कर, बंडीचं चाक, महामार्गावरचे खडे, यांनी मोडलेलं ते रोज सरळ करतात. त्यांच्याकडे बूथ नसेल, पण पहाट आहे, सावली आहे, आणि थांबायची अक्कल आहे. तिला अडवतो तो बहुतेक वेळा गिऱ्हाइकाचा एकच प्रश्न: “संध्याकाळपर्यंत होईल का?” उन्हाळ्यात या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘परवा या’ म्हणणाऱ्याकडे गाडी द्यावी, आणि मधल्या त्या दोन दिवसांचे, म्हणजे वाट पाहण्याचेही, पैसे आनंदाने द्यावेत. कारण दरवाजाचा टिकाऊपणा आपण ज्याला म्हणतो, तो याच दोन दिवसांत तयार होत असतो.