मृदू प्रतिमा आणि पक्षपाती भिंग : डिफ्यूजन फिल्टरच्या वापराचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :
छायाचित्रणात स्पष्टता हा गुण आणि अस्पष्टता हा दोष, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तरीही गेली दीडशेहून अधिक वर्षे छायाचित्रकार आणि पुढे चित्रपटांचे छायालेखक प्रतिमा हेतुपुरस्सर मृदू करीत आले आहेत. त्यासाठीचे एक प्रमुख साधन म्हणजे भिंगासमोर बसविला जाणारा डिफ्यूजन फिल्टर होय. या साधनाची चर्चा बहुधा कोणता फिल्टर किती तीव्रतेचा घ्यावा, या तांत्रिक प्रश्नापाशी थांबते. ही मृदुता कोणाच्या वाट्याला येते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तंत्राचे स्वरूप :
डिफ्यूजन फिल्टरच्या काचेत सूक्ष्म कण असतात किंवा तिचा पृष्ठभाग किंचित उंचसखल केलेला असतो. त्यातून जाणारा बराचसा प्रकाश सरळ जातो, तर थोडा आजूबाजूला विखुरतो. सरळ गेलेल्या प्रकाशातून रेखीव प्रतिमा तयार होते आणि विखुरलेला प्रकाश तिच्यावर विरळ धुक्यासारखा पसरतो. त्यामुळे दिव्यांभोवती प्रभावळ दिसते, गडद भाग थोडे उजळतात आणि त्वचेवरील सुरकुत्या फिक्या होतात. फोकस चुकल्याने येणारी अस्पष्टता याहून वेगळी असते, कारण तीत रेखीव प्रतिमाच उरत नाही. फिल्टर उपलब्ध नसतानाच्या काळात भिंगासमोर तलम जाळीचे कापड ताणूनही असाच परिणाम साधला जाई.

मृदुतेचा पूर्वेतिहास :
कलकत्त्यात 1815 साली जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी इंग्लंडमध्ये छायाचित्रणास प्रारंभ केला. त्यांच्या प्रतिमांतील मृदुता फिल्टरमुळे आलेली नव्हती. ती भिंगाचा वापर आणि दीर्घ प्रकाशनकाल यांतून आली होती. तत्कालीन जाणकारांनी तिला तांत्रिक अज्ञान ठरविले. येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. कॅमेरॉन यांनी 1867 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल आणि लेखक टॉमस कार्लाइल यांची जी व्यक्तिचित्रे टिपली, त्यांतही हीच मृदुता आहे. हर्शेल यांचे विस्कटलेले पांढरे केस आणि वृद्ध चेहरा तीत लोपत नाहीत. उलट त्यांना गांभीर्य प्राप्त होते. म्हणजेच मृदुता ही मुळात स्त्रीच्या चेहऱ्यासाठी राखून ठेवलेली नव्हती.

पक्षपाताचा आरंभ :
चित्रपटसृष्टीत चित्र पालटले. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या ‘ब्रोकन ब्लॉसम्स’ (1919) मध्ये हेंड्रिक सार्टोव्ह यांनी लिलियन गिश यांची मृदू समीपदृश्ये चित्रित केली. पुढे हॉलिवूडमध्ये नायिकेच्या समीपदृश्यापुरती मृदुता वापरण्याचा प्रघातच पडला. मायकेल कर्टिझ दिग्दर्शित ‘कॅसाब्लांका’ (1942) हे त्याचे परिचित उदाहरण होय. छायालेखक आर्थर एडिसन यांनी इन्ग्रिड बर्गमन यांचा चेहरा मृदू आवरणातून दाखविला; हम्फ्री बोगार्ट यांचा चेहरा मात्र तुलनेने रेखीव ठेवला.

याचे समर्थन करता येते. रिकच्या मनातील पॅरिसची स्मृती आणि हुरहूर इल्साच्या चेहऱ्यावर उतरली आहे, असे म्हणता येईल. हे समर्थन मान्य केले तरी एक त्रुटी उरते. प्रेम दोघांचे आहे, स्मृतीही दोघांची आहे. परंतु इल्साच्या नजरेला रिक कसा दिसतो, हे या तंत्राने कधी सांगितले जात नाही. पुरुषाच्या चेहऱ्यावरील रेषा अनुभवाची खूण ठरतात आणि स्त्रीच्या चेहऱ्यावरील रेषा झाकण्याजोगा दोष ठरतात.

दोन वेगळे मार्ग :
रॉबर्ट आल्टमन यांच्या ‘मॅकेब अँड मिसेस मिलर’ (1971) मध्ये विल्मोस झिग्मंड यांनी फॉग फिल्टर वापरले आणि निगेटिव्हला आधीच किंचित प्रकाश दाखवून रंग फिके केले. हा परिणाम निगेटिव्हवरच झाल्याने तो नंतर पुसणे शक्य नव्हते. येथे धूसरता चिखल, लाकडी घरे, नायक आणि नायिका या सर्वांवर पसरते. ती त्या वसाहतीची हवा आहे.

सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (1956) मध्ये सुब्रत मित्र यांनी भिंगाऐवजी प्रकाशच मृदू केला. बनारसमधील घराच्या स्टुडिओत उभारलेल्या चौकावर पांढरे कापड ताणून त्यावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यांनी वापरला. त्या प्रकाशात सर्वजयेच्या चेहऱ्याला वेगळी सवलत मिळत नाही. भिंत, भांडी आणि माणसे एकाच उजेडात वावरतात.

समकालीन संदर्भ :
डिजिटल कॅमेऱ्यांची अतिस्पष्टता कमी करण्यासाठी डिफ्यूजन फिल्टर आज पुन्हा वापरले जातात. त्याच वेळी मोबाइलमधील सौंदर्यवर्धक प्रणाली चेहरा ओळखून त्वचा गुळगुळीत करते. या दोहोंना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. काचेचा फिल्टर चेहरा आणि दिवा यांत भेद जाणत नाही. त्याच्या वापरात भेद असतो तो वापरणाऱ्याचा. संगणकीय प्रणालीत मात्र चेहरा वेगळा काढणे हीच पहिली पायरी असते. हॉलिवूडचा जुना संकेत येथे यंत्राच्या रचनेतच शिरला आहे.

निष्कर्ष :
मृदुतेचे मूल्यमापन तिच्या प्रमाणावरून करणे अपुरे आहे. ती संपूर्ण दृश्याला लाभली आहे की एकाच चेहऱ्याला, हा निकष अधिक उपयुक्त ठरतो. चित्रपट-रसास्वादाच्या वर्गात एकाच प्रसंगातील नायक व नायिका यांची लागोपाठची समीपदृश्ये शेजारी ठेवून पाहिली, तर हा भेद विद्यार्थ्यांना सहज दाखविता येतो. हर्शेल यांच्या सुरकुत्यांना कॅमेरॉन यांच्या मृदू प्रतिमेत जे स्थान मिळाले, ते वृद्ध स्त्रीच्या चेहऱ्यालाही मिळते का, ही तंत्राच्या न्याय्य वापराची खरी कसोटी होय.