पायासि राजन्याचा पूर्वपक्ष

परलोक न मानणाऱ्या मनुष्याविषयीं आपल्याकडे एक समजूत फार दिवसांपासून रूढ आहे. ती अशी कीं, ज्याला मनसोक्त वागावयाचें असतें तोच परलोक नाहीं असें म्हणतो. त्याची नास्तिकता बुद्धीची नसते, जिभेची असते. चार्वाकाच्या नांवावर खपणारा तो तुपाचा श्लोक संस्कृत न शिकलेल्यांनाहि ठाऊक असतो, आणि तो एकदां म्हणून दाखविला कीं वाद संपला असें मानण्याची चाल आहे. पण हा श्लोक आपल्यापर्यंत पोंचविला कोणी? चार्वाकाच्या प्रतिपक्षानें. चौदाव्या शतकांत माधवाचार्यांनीं रचिलेल्या ‘सर्वदर्शनसंग्रहां’त पहिलेंच प्रकरण चार्वाकाचें आहे, आणि तें पहिलें अशासाठीं कीं पुढच्या दर्शनांना वर चढण्यास एक पायरी मिळावी. लोकायतांचा मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाहीं. जयराशि भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ पाटणच्या जैन भांडारांतून हातीं लागून १९४० सालीं बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत प्रसिद्ध झाला, परंतु तो सगळ्याच प्रमाणांवर कुऱ्हाड चालविणारा ग्रंथ आहे. त्यांत तूप कोठेंच नाहीं. आहे ती रुक्ष तर्काची तालीम.

तेव्हां परलोक नाकारणारांचीं खरीं कारणें ऐकावयाचीं असतील तर तीं त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतच, पण जरा उदार विरोधकांच्या ग्रंथांत, शोधावीं लागतात. असा एक ग्रंथ पाली त्रिपिटकांत आहे. दीघनिकायाचें तेविसावें सूत्र तें ‘पायासिसुत्त’. धर्मानंद कोसंबींनीं महाराष्ट्राला पाली वाङ्मयाची ओळख करून दिली. तरी आपली गति सामान्यतः धम्मपद आणि जातककथा यांच्यापलीकडे जात नाहीं, आणि हें अपूर्व संवादरूप प्रकरण मराठी वाचकाच्या दृष्टीआड राहिलें आहे. जैनांच्या ‘रायपसेणिय’ सूत्रांत हीच कथा राजा पएसी आणि केशीकुमार श्रमण यांच्या नांवें आली आहे. दोन प्रतिस्पर्धी पंथांना एकच नास्तिक आपापल्या घरीं आणून हरवावासा वाटला, यांतच त्या नास्तिकाचें वजन दिसून येतें.

कोसल देशांत सेतव्या नांवाच्या गांवीं पायासि हा राजन्य राहत असे. परलोक नाहीं, मेल्यावर पुन्हां जन्म नाहीं, बऱ्यावाइटाचें फळ नाहीं, असें त्याचें मत. कुमार काश्यप हा भिक्षु गांवाच्या उत्तरेस शिंशपावनांत येऊन उतरला असतां पायासि त्याच्याशीं वाद घालण्यास गेला. त्याचें पहिलें कारण अगदीं साधें आहे. गेलेला कोणी परत येऊन सांगत नाहीं. त्यानें आपल्या दुराचारी आप्तांकडून ते मरणोन्मुख असतां वचन घेतलें होतें कीं, नरकांत गेलांत तर येऊन मला कळवा. सदाचारी आप्तांकडूनहि तसेंच घेतलें होतें. दोघांनींहि ‘बरें’ म्हटलें, आणि कोणाचा निरोपदेखील आला नाहीं. काश्यप उत्तर देतो: वधस्थानीं नेलेल्या चोराला घरच्यांची भेट घेऊन येण्यास मारेकरी मोकळा सोडतील काय? शौचकूपांतून वर काढून, न्हाऊंमाखूं घालून महालांत बसविलेला मनुष्य पुन्हां त्या कूपांत उतरेल काय? शिवाय मनुष्यांचीं शंभर वर्षें म्हणजे त्रायस्त्रिंश देवांचा एक अहोरात्र. तिकडे दोनतीन दिवस विश्रांति घेऊन निघूं म्हटलें तरी पायासि इकडे केव्हांच मेलेला असावयाचा.

उत्तर मोठें खुसखुशीत आहे. पण त्यानें काय सिद्ध झालें? न येणें म्हणजे नसणें नव्हे, एवढेंच. नरकपाल आणि देवलोक आहेत हें तर उत्तरांत आधींच धरून चाललें आहे, आणि पायासि कांहीं भोळा नाहीं. देव आहेत व ते इतके दीर्घायु आहेत हें तुम्हांला सांगितलें कोणी, असें तो लगेच विचारतो. त्यावर जन्मांधाचा दृष्टांत येतो. आंधळ्याला रंग दिसत नाहींत म्हणून रंग नाहींत असें होत नाहीं. दिव्यचक्षु असलेल्या श्रमणब्राह्मणांना परलोक दिसतो. हा दृष्टांत आजहि व्याख्यानांतून टाळ्या घेतो, म्हणून त्याच्याविषयीं एक शब्द बोलणें अवश्य आहे. जन्मांधालाहि डोळसांची परीक्षा घेतां येते. त्यानें दहा जणांना एकेकटें बोलावून एकाच वस्त्राचा रंग विचारावा. दहाहि जण तांबडा म्हणाले तर आपल्याला नसलेलें कांहीं तरी ज्ञान यांना आहे, असें मानणें त्याला भाग पडेल. दिव्यचक्षूंच्या बाबतींत हा मेळ पडत नाहीं. बौद्धांचे स्वर्ग निराळे, जैनांचे निराळे, पुराणांचे निराळे, आणि प्रत्येकाचा द्रष्टा आपापल्या पंथाचेच स्वर्ग पाहून येतो.

गेलेल्यांकडून खूण मागण्याची पायासीची रीत आपणांस परकी नाहीं. आपल्याकडे दहाव्या दिवशीं नदीकांठीं पिंड मांडून कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला तर जीव तृप्त झाला. न शिवला तर कांहीं इच्छा मागें राहिली आहे. मग घरचें कोणी पुढें होऊन ती पुरविण्याचें वचन देतें. इतक्यानेंहि न शिवला तर दर्भाचा कावळा करून त्याच्याकडून शिववितात. या विधींत असा एकहि निकाल संभवत नाहीं कीं ज्यावरून येथें ऐकणारें कोणी नाहीं असें अनुमान निघावें. माझ्या आईच्या दहाव्याला मी असाच घाटावर बसलों होतों. धाकटे मामा हात जोडून ‘अक्का, धाकटीचें लग्न आम्ही करून देऊं, तूं काळजी करूं नकोस’ असें मोठ्यानें सांगत होते, आणि कावळा पलीकडच्या पिंपळावर स्वस्थ बसला होता. माझा परलोकावरील विश्वास त्याच्या कितीतरी वर्षें आधीं उडालेला. तरी मी त्या कावळ्यावरची नजर काढली नाहीं, आणि तो खालीं उतरला तेव्हां मला बरें वाटलें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. नास्तिकाला परलोक नकोच असतो असें म्हणणारांनीं पायासीच्या त्या वचनांचा विचार करावा. ज्याला परलोक नको असतो तो मरणाऱ्याच्या उशाशीं बसून वचन घेत नाहीं.

दुसरें कारण प्रयोगाचें आहे, आणि तें वाचतांना अंगावर कांटा येतो. पायासीनें एका चोराला जिवंत रांजणांत घालून तोंड ओल्या कातड्यानें व मातीनें लिंपून घेतलें, रांजण चुलीवर ठेवविला, आणि नंतर झांकण हळूच काढून जीव बाहेर पडतो कीं काय तें पाहिलें. दुसऱ्याला वजन करून, गुदमरवून, पुन्हां वजन केलें. तों प्रेत अधिक जड व ताठर भरलें. तिसऱ्याचें कातडें, मांस, स्नायु, हाडें सोलून पाहिलीं. जीव कोठेंच मिळाला नाहीं. या क्रौर्याचा सूत्रकार निषेधहि करीत नाहीं, याचें मला नेहमीं नवल वाटतें. काश्यपाची भूतदया उपमा शोधण्यांत गुंतलेली असावी. तो सांगतो कीं तापलेला लोखंडी गोळा थंड गोळ्यापेक्षां हलका व मऊ असतो, तसें जिवंत शरीर. मऊपणा खरा, हलकेपणा मात्र तराजू सांगत नाहीं. पण पायासीला हंसण्याचाहि आपल्याला अधिकार नाहीं. अमेरिकेंत हेव्हरहिल येथें डंकन मॅक्डूगल नांवाच्या डॉक्टरानें मरणासन्न रोग्यांना खाटेसकट तराजूवर ठेविलें आणि १९०७ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोगी अवघे सहा, त्यांतून दोन मापें त्याला स्वतःलाच टाकून द्यावीं लागलीं. परंतु पहिल्या मापांतील पाऊण औंसाची घट तेवढी जगानें उचलली, आणि आत्म्याचें वजन एकवीस ग्रॅम हें वाक्य अजून फिरत आहे. पायासीला उलट उत्तर मिळालें होतें. दोघांचा प्रश्न मात्र एकच चुकीचा होता: जीव असलाच तर तो तराजूंत पडेल असा पदार्थ असला पाहिजे, असें दोघांनींहि धरून चाललें.

या ठिकाणीं काश्यपाची सर्वांत सुंदर उपमा येते. शंखवाद्या एका सीमेवरच्या खेड्यांत येऊन शंख फुंकतो. आवाजानें मोहित झालेले गांवकरी शंखाला उताणा करतात, कुशीवर ठेवतात, ढेंकळांनीं व काठ्यांनीं मारतात, ‘शंखा, बोल’ म्हणून विनवितात. शंख मुका तो मुका. शंख, फुंकणारा मनुष्य, त्याचा प्रयत्न आणि वायु हीं एकत्र आलीं तरच नाद होतो. त्याप्रमाणें आयुष्य, उष्णता आणि विज्ञान यांनीं युक्त असेंतोंच शरीर चालतें बोलतें. पायासीचा प्रयोग निष्फळ कां झाला हें इतक्या थोडक्यांत दुसऱ्या कोणीं क्वचितच सांगितलें असेल.

पण ही उपमा कोणाच्या बाजूची? इ. स. पूर्वीं ३९९ सालीं अथेन्सच्या तुरुंगांत, सॉक्रेटिसाच्या अखेरच्या दिवशीं, सिमियस यानें जवळजवळ हीच उपमा मांडली, असें प्लेटोच्या ‘फीडो’ संवादांत आहे. वीणेचा स्वरमेळ अदृश्य, सुंदर, दिव्य असतो. म्हणून वीणा मोडून तारा तुटल्यावर तो कोठें तरी शिल्लक राहतो असें कोणी म्हणेल काय? तेथें ही उपमा आत्म्याच्या अमरत्वाविरुद्ध आहे, आणि सॉक्रेटिसाला तिचें खंडन करण्यास बरेच श्रम पडले आहेत. चार्वाकहि किण्वापासून मदशक्ति उत्पन्न होते तसें भूतांच्या संयोगानें चैतन्य उत्पन्न होतें असें म्हणतो. तींहि याच कुळांतील उपमा. मग काश्यपानें शंख पुढें केला तेव्हां त्यानें नकळत अर्धा किल्ला पायासीच्या हवालीं केला, असें मला वाटतें. नाद शंखांत सांपडत नाहीं हें खरें. पण शंख फुटल्यावर नाद दुसऱ्या गांवीं जाऊन राहतो, असें कोणी म्हणत नाहीं. जैन केशीकुमाराला ही अडचण नाहीं, कारण त्याचा जीव हें स्वतंत्र द्रव्य आहे. बौद्धांना नित्य आत्माहि नको आणि पुनर्जन्म तर हवा, म्हणून त्यांना उपमांवर इतकें ओझें टाकावें लागतें. ‘मिलिंदपञ्हां’त एका दिव्यानें दुसरा दिवा लावण्याचा दृष्टांत आहे तो या कामीं पुष्कळ सरस आहे, आणि पायासि तेथें नव्हता हें नागसेनाचें भाग्य.

परलोक नाकारण्याचें एक कारण पायासीच्या यादींत नाहीं. तें जिव्हाळ्याचें आहे. चार्ल्स डार्विन यानें आत्मचरित्रांत लिहिलें आहे कीं, ख्रिस्ती शास्त्रवचन अक्षरशः खरें मानलें तर आपला बाप, भाऊ आणि जवळचे बहुतेक सारे मित्र अनंतकाल शिक्षा भोगणार. तें खरें असावें अशी इच्छा तरी कोणी कां करावी हेंच त्याला कळेना. पत्नीच्या इच्छेवरून १८८७ च्या आवृत्तींत हा उतारा गाळण्यांत आला व नातीनें १९५८ सालीं तो पुन्हां छापला. ज्यांना चैनखोर नास्तिकच तेवढा ठाऊक आहे त्यांनीं या मुलाचें पितृप्रेम कोणत्या सदरांत घालावें?

असो. सूत्रांतील खरा मर्मभेद मला युक्तिवादांत आढळत नाहीं, तो त्यांच्या शेवटीं आहे. उपमा संपत आल्यावर पायासि एकाएकीं कबूल करतो कीं, मला हें मत सोडवत नाहीं. कोसलराज प्रसेनजित आणि परदेशचे राजे मला या मताचा म्हणून ओळखतात, आतां सोडलें तर पायासि किती मूर्ख असें म्हणतील, म्हणून मी रागानें, ढोंगानें, चुरशीनें तें धरून राहीन. आस्तिकाच्या ग्रंथांत नास्तिकाच्या तोंडीं घातलेलें हें वाक्य पक्षपाती आहे हें उघड आहे. तरी तें खोटें वाटत नाहीं. मतांनाहि अब्रू असते, आणि ती दोन्ही पक्षांकडे सारखीच असते. काश्यप त्याला वाटेंत सोनें सांपडलें तरी आधीं बांधलेला तागाचा भारा न टाकणाऱ्या मनुष्याची गोष्ट सांगतो. ती गोष्ट मठांतहि सांगतां येईल.

या हट्टाच्या उलट उदाहरण डेव्हिड ह्यूमचें. आजारानें खंगलेला ह्यूम मृत्यु समोर पाहून तरी परलोकाला शरण येतो कीं काय, हें पाहण्याच्या जिज्ञासेनें बॉस्वेल ७ जुलै १७७६ रोजीं त्याच्या घरीं गेला. ह्यूम शांत होता, हंसतखेळत बोलत होता. परलोक असणें शक्य आहे कीं नाहीं असें विचारतां, विस्तवावर टाकलेला कोळसा न जळणेंहि शक्य आहे, अशा अर्थाचें त्यानें उत्तर दिलें. त्याच वर्षीं २५ ऑगस्टला तो वारला. अस्वस्थ झाला तो बॉस्वेल, आणि ती अस्वस्थता त्यानें स्वतःच नमूद करून ठेविली आहे. ह्यूमला प्रसेनजिताची भीति नव्हती. उलट लोकलज्जा त्याला दुसऱ्या बाजूला ओढीत होती. मनाची आणि शरीराची वाढ बरोबर होते व क्षयहि बरोबर होतो, या त्याच्या युक्तिवादाचें उत्तर पुष्कळांनीं दिलें आहे. त्याच्या त्या दिवशींच्या मुद्रेचें उत्तर देणें बॉस्वेलला जमलें नाहीं.

पायासि अखेरीस उपासक झाला. पण दान देऊं लागला तें कण्यांची पेज, आंबट कांजी आणि जाडींभरडीं वस्त्रें असें, तेंहि दुसऱ्याच्या हातून. त्याच्या दानाची व्यवस्था पाहणाऱ्या उत्तर नांवाच्या तरुणानें हें बोलून दाखविलें व पुढें स्वतः मनापासून दान दिलें. मेल्यावर उत्तर त्रायस्त्रिंशांत गेला. पायासीला सेरीसक नांवाचें एक रिकामें विमान मिळालें. सूत्रकारानें त्याला नरकांत घातलें नाहीं, ही त्याची रसिकता. त्या ओसाड विमानांत दुपारच्या विश्रांतीसाठीं गवांपति नांवाचा भिक्षु येत असे. त्यानें विचारलें, परलोक नाहीं म्हणणारा पायासि तो तूंच ना? आणि ज्यानें जन्मभर मेलेल्यांच्या निरोपाची वाट पाहिली, त्यानें गवांपतीजवळ मनुष्यलोकासाठीं निरोप दिला. त्या निरोपांत परलोक आहे हें सांगण्याची धडपड नाहीं. दान द्याल तें आदरानें द्या, स्वतःच्या हातानें द्या, मनापासून द्या, टाकाऊ म्हणून देऊं नका, एवढेंच त्यानें कळविलें.