छापलेलं म्हणजे पक्कं? पुलांकच्या सोनाट्यावरून थोडंसं

लिटरेचर रिव्ह्यू करताना आपण बहुतेक जण एक चूक करतो. पेपर छापून आला म्हणजे त्यातलं सगळं पक्कं, असं धरून चालतो. माझी ही सवय एका संगीतरचनेमुळे मोडली, म्हणून आज जरा विषयाबाहेरचं.

आमच्या भिवंडीत क्लॅरिनेट म्हटलं की लग्नाची वरात आणि बँडच आठवतो. फ्रेंच संगीतकार फ्रांसिस पुलांक यांनी याच वाद्यासाठी, पियानोच्या जोडीने, १९६२ मध्ये एक सोनाटा लिहिला. दिवंगत मित्र आर्थर ओनेगर यांच्या स्मरणार्थ. ३० जानेवारी १९६३ ला पुलांक स्वतःच गेले. १० एप्रिलला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमन आणि लेनर्ड बर्नस्टाइन यांनी तो प्रथम सादर केला. प्रत छापली गेली तीही पुलांक गेल्यावर. काही स्वर नेमके कोणते, हे संपादकाला ठरवावं लागलं. राहून गेलेल्या काही खुणाही त्यानेच भरल्या.

आता तुम्ही हा सोनाटा बसवताय असं समजा. पहिल्या भागाचं नाव 'आलेग्रो त्रिस्तामेन्ते', म्हणजे जलद, पण उदास. उदासी दाखवायला लय ओढायचा मोह होतो. माझ्या मते तिथेच सादरीकरण फसतं. याच भागाच्या मध्ये 'अगदी शांत' असा तुकडा आहे. सुरुवातच संथ केलीत, तर तो तुकडा आल्याचं कळणारच नाही. उदासी घाईतच ऐकू यायला हवी.

हे नुसत्या क्लॅरिनेटच्या पानावरून समजत नाही. पियानोची ओळ सोबत असलेली पूर्ण प्रत घ्या. शंकेचा स्वर खालच्या सुरावटीशी जुळतो का, ते तिथेच तपासता येतं. मग तीन रंगांच्या पेन्सिली घ्या: संगीतकाराचं एक, संपादकाचं दुसरं, आपण ठरवलेलं तिसरं.

पुढचा पेपर वाचताना हेच करून बघा. मोजलेलं काय, दुरुस्त करून घेतलेलं काय आणि लेखकाचा अंदाज कोणता? तिसरा रंग वाईट नाही. तो पहिल्यासारखा दिसू लागला की मात्र गडबड होते.