मागे राहणाऱ्यांचा हिशेब

दर नोव्हेंबरात माझ्या फोनवर आजी जिवंत ठरते. पूर्वी त्यासाठी तिला रिक्षाने खडकी बाजारापर्यंत न्यावं लागायचं आणि बँकेच्या रांगेत उभं करावं लागायचं. आता जीवन प्रमाणचं ॲप आहे. आजीला खिडकीकडे तोंड करून बसवायचं आणि डोळे मिचकाव म्हणायचं. ती दोन्ही डोळे गच्च मिटून घेते आणि उघडायचं विसरते. मग तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला सरकार मान्य करतं, की ही बाई हयात आहे आणि फॅमिली पेन्शन चालू ठेवायला हरकत नाही. आजोबा बॉम्बे सॅपर्समधून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. आमच्या खडकीत दर चार घरांमागे एक पेन्शनर सापडेल. कोणी पलटणीतला, कोणी दारूगोळा कारखान्यातला.

गेल्या वर्षी दाखल्याचं काम उरकल्यावर आम्ही दोघींनी त्याच फोनवर एक सिनेमा पाहिला, 'द बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल'. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये प्रदर्शित झालेला, जॉन मॅडन यांचा. जुडी डेंच, मॅगी स्मिथ, बिल नाय, टॉम विल्किन्सन असे एकाहून एक दिग्गज म्हातारे त्यात आहेत. इंग्लंडमध्ये निवृत्तीनंतर परवडेनासं झालेले काही जण जाहिरात बघून जयपूरच्या एका मोडकळीला आलेल्या हॉटेलात राहायला येतात, अशी गोष्ट. आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून मी मधूनमधून सांगत होते. वीसेक मिनिटं झाली असतील. ती म्हणाली, "ह्यांची पेन्शन कुठं येते गं?"

मी म्हटलं, "आजी, तो मुद्दा नाहीये."

नंतर वाटलं, मुद्दा तोच आहे. या सिनेमावर मी बरंच वाचलं होतं. भारत किती रंगीत दाखवलाय, कॉल सेंटरचं चित्रण कसं आहे, देव पटेल किती ओरडतो. पण आजीचा प्रश्न विचारलेला कुठे वाचला नव्हता.

सिनेमाची सुरुवात खरं तर पैशांपासूनच होते, आणि तिथे तो चांगला आहे. एव्हलिनचा नवरा वारलाय आणि तो कर्ज ठेवून गेलाय हे तिला आता कळतंय. घर विकावं लागतं. डग्लस आणि जीन या जोडप्याने निवृत्तीची पुंजी मुलीच्या इंटरनेट कंपनीत घातलीय. म्युरिएलला खुब्याचं ऑपरेशन हवंय, ते भारतात स्वस्त आणि लवकर होणार म्हणून ती चडफडत का होईना निघते. म्हणजे यातले बरेचसे हिशेबाने हुसकावलेले आहेत. पण विमान उतरतं आणि हिशेब संपतो. पुढे ऊन आहे, बाजार आहे, प्रेम आहे. पेन्शन, कर, व्हिसा हे शब्द जणू विमानतळावरच राहिले.

आजीच्या वतीने ते उचलून आणू या.

आधी व्हिसा. थायलंड किंवा मलेशियासारखा निवृत्तांसाठीचा वेगळा व्हिसा भारतात नाही. हे सगळे पर्यटक म्हणून आले असतील, तर सिनेमा आला त्या काळात एक नियम लागू होता. पर्यटक व्हिसावर एकदा देशाबाहेर गेलात, की पुन्हा यायला दोन महिने थांबायचं. २००९ च्या अखेरीस आलेला हा नियम २०१२ च्या अखेरीस बहुतेकांसाठी उठला. शिवाय पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही. एव्हलिन मात्र कॉल सेंटरमध्ये रुजू होते आणि तिच्या व्हिसावर कुठला शिक्का आहे हे विचारायला कोणी येत नाही.

मग कर. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलात, की आयकराच्या लेखी तुम्ही रहिवासी होता. पहिली काही वर्षं सवलतीची जातात, नंतर जगभरचं उत्पन्न इथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसू नये म्हणून भारत आणि ब्रिटनमध्ये १९९३ चा करार आहे, पण त्याचा फायदा मिळवायलाही कागद लागतात.

आणि आता आजीचा मूळ प्रश्न. ब्रिटनची सरकारी पेन्शन जगात कुठेही मिळते, पण दरवर्षीची वाढ कुठेही मिळत नाही. युरोपातल्या बहुतेक देशांत आणि ज्यांच्याशी ब्रिटनचा तसा करार आहे त्या देशांत ती मिळते. अमेरिकेत मिळते, फिलिपिन्समध्ये मिळते. भारतात मिळत नाही. इथे राहायला आलात, की रक्कम आहे तिथेच गोठते. २०१६ मध्ये नव्या पद्धतीची पूर्ण पेन्शन आठवड्याला १५५ पौंड ६५ पेन्स होती. त्या वर्षी ती सुरू होऊन भारतात स्थायिक झालेल्या माणसाला आजही तेवढीच मिळते. फिलिपिन्समध्ये राहणाऱ्या त्याच्या मित्राची २०२५-२६ मध्ये २३० पौंड २५ पेन्स झाली. दोघांनी कामाच्या वयात हप्ते सारखेच भरलेले. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या ॲनेट कार्सन आणि इतर पेन्शनरांनी याविरुद्ध थेट युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत धाव घेतली. २०१० मध्ये अकरा विरुद्ध सहा मतांनी ते हरले.

रुपया घसरत गेल्याने इथे राहणाऱ्यांना थोडा टेकू मिळाला, हेही खरं. सिनेमा आला तेव्हा पौंड ऐंशी रुपयांच्या आसपास होता, आता शंभरच्या बराच वर आहे. पण दुसऱ्या देशाच्या चलनाची घसरण हा म्हातारपणाचा आधार म्हणायचा, तर तो जुगारच.

हा नियम पासपोर्ट बघत नाही, पत्ता बघतो. ब्रिटनमध्ये हयात घालवून पुण्यात परतलेल्या मराठी डॉक्टरांना ओसीआय कार्डामुळे व्हिसाची कटकट उरत नाही, पण त्यांचीही सरकारी पेन्शन गोठते. म्हणजे मॅरिगोल्ड हॉटेलातले पाहुणे जितके जास्त जगतील तितके गरीब होत जाणार. सिनेमा एका आनंदी सकाळी संपतो म्हणून ते आपल्याला दिसत नाही.

सिनेमात एकच पात्र आजीच्या जातकुळीचं आहे, ते म्युरिएल. आयुष्यभर दुसऱ्याचं घर सांभाळलेली, तिथले हिशेब बघितलेली आणि मग काढून टाकलेली बाई. ती हॉटेलच्या वह्या उघडते आणि हॉटेल तगतं. मॅगी स्मिथ वही चाळते ती काही मिनिटं मला साऱ्या सिनेमात सगळ्यात खरी वाटली. पण तिथेही सिनेमा हॉटेलचा हिशेब करतो, पाहुण्यांचा नाही.

*

पाहुण्यांचा हिशेब एका कादंबरीने पस्तीस वर्षं आधीच मांडला होता. पॉल स्कॉट यांची 'स्टेइंग ऑन', १९७७ चं बुकर मिळालेली. स्कॉट दुसऱ्या महायुद्धात लष्करी नोकरीत भारतात होते. 'राज क्वार्टेट'चे चार जाडजूड खंड लिहून झाल्यावर त्यांनी ही छोटी, बरीचशी विनोदी कादंबरी लिहिली. त्यांच्या वाङ्मयात ती जेवणानंतरच्या बडीशेपेसारखी समजली जाते. मला ती मुख्य जेवण वाटते.

पानकोट नावाचं काल्पनिक थंड हवेचं ठिकाण, साल १९७२. कर्नल टस्कर स्मॉली आणि त्याची बायको ल्युसी हे स्वातंत्र्यानंतर इथेच राहिलेलं जोडपं. त्यांचं घर म्हणजे स्मिथ्स हॉटेलच्या आवारातली एक भाड्याची बंगली. मालकीणबाई मिसेस भूलाभॉय यांना ती जागा मोकळी हवी आहे. टस्कर मरतो हे पहिल्याच पानावर कळतं. घर सोडण्याची नोटीस हातात पडल्यावर तो गेला हे नंतर. राहिलेली कादंबरी त्याआधीच्या काही आठवड्यांची.

त्या आठवड्यांत ल्युसी नवऱ्याला एक प्रश्न विचारते. तुम्ही गेलात तर माझं काय? किती मिळेल, कुठून मिळेल, मी कुठे राहायचं? टस्कर खेकसतो, टाळतो, आणि मग एक दिवस पत्र लिहितो. एकाच घरात राहणाऱ्या बायकोला पत्र. त्यात विधवांच्या फंडाचा हिशेब आहे, उडवलेल्या पैशांची कबुली आहे, इथेच का राहिलो याचं अर्धंमुर्धं स्पष्टीकरण आहे. स्वातंत्र्य आलं तेव्हा तो निवृत्त व्हायला फार तरुण होता आणि दुसरीकडे नव्याने सुरुवात करायला फार म्हातारा. आकड्यांच्या मधेच तो कसंबसं लिहून जातो, की तू माझ्यासाठी चांगली होतीस. आणि शेवटी बजावतो, की यावर तोंडी बोलायचं नाही.

ल्युसीच्या लेखी हे आयुष्यातलं एकमेव प्रेमपत्र ठरतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे कारुण्य वाटलं. बिचारी, हिशेबाच्या कागदाला प्रेमपत्र समजते. आता वाटतं, तिला बरोबर समजलंय. आपल्यामागे दुसऱ्याचं काय होईल हे आकड्यांत बसवायला स्वतःचं मरण आधी कबूल करावं लागतं. त्यात आपण किती मूर्खपणा केला हेही लिहावं लागतं. टस्करसारख्या माणसाला गुलाब देणं त्यापेक्षा सोपं गेलं असतं.

कादंबरीत मला खटकणाऱ्या गोष्टी आहेत. मिसेस भूलाभॉय यांच्या लठ्ठपणावर स्कॉट जरा जास्तच हसतात. आणि इब्राहिम. स्मॉलींचा हा नोकर कितीदा तरी काढून टाकला जातो आणि परत घेतला जातो. कादंबरीतल्या सगळ्यात हुशार माणसांपैकी तो एक, पण त्याच्या म्हातारपणासाठी कुठला फंड नाही. साहेबाचं पेन्शन संपलं की त्याचं काय, याला त्या पत्रात ओळ नाही.

आणि साहेबाचं पेन्शन तरी कुठून यायचं? महायुद्धात भारताने उधारीवर माल पुरवला, त्यापोटी ब्रिटनकडे भारताची मोठी पौंडशिल्लक जमली. १९४८ च्या करारात त्यातलेच सुमारे १६.८ कोटी पौंड भारताने ब्रिटनला दिले. राजवटीत नोकरी केलेल्या ब्रिटिशांच्या पेन्शनी त्यातून चुकत्या व्हायच्या होत्या. राज्य गेलं तरी साहेबांच्या म्हातारपणाची सोय आपण आगाऊ रक्कम मोजून केली होती. मागे राहिलेल्या ब्रिटिशांविषयी वाचताना हा आकडा शेजारी असू द्यावा. त्याने टस्करविषयीची माया कमी होत नाही, इब्राहिम जास्त स्पष्ट दिसतो.

*

मराठीत म्हातारपणाचं मोठं नाटक कोणतं, तर 'नटसम्राट'. १९७० मध्ये रंगभूमीवर आलेलं. आप्पासाहेब बेलवलकर सुरुवातीलाच सगळं मुलांना वाटून टाकतात आणि मग शोकांतिका सुरू होते. आमच्या घरात ते नाटक म्हणजे कृतघ्न मुलांची गोष्ट. मी हल्ली ते कावेरीच्या बाजूने बघते. वाटणी होताना तिच्या नावावर काय राहिलं? आप्पांची भाषा इतकी दणदणीत आहे की हा प्रश्न ऐकूच येत नाही. आपल्याकडे मोठा माणूस दिलदार असतो, आणि दिलदारपणाची किंमत बहुधा दुसरंच कोणीतरी मोजतं.

आजीने आजोबांना ल्युसीचा प्रश्न विचारला होता. दोनदा, असं ती सांगते. आजोबा म्हणाले, "तुला काय करायचंय? मी आहे ना." आजोबा गेल्यावर कळलं, की लष्कराच्या दप्तरात आजीचं माहेरचं नाव आहे. लग्नात बदललेलं नाव त्यांनी कधी कळवलंच नव्हतं. आधारवरची बाई वेगळी, डिस्चार्ज बुकातली वेगळी. प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत, असे चौदा महिने गेले. तोवर आजी कागदोपत्री कोणाचीच विधवा नव्हती. आजोबांचं तिच्यावर प्रेम होतं, यात मला शंका नाही. पीपीओत नाव दुरुस्त करायला त्यांना एक अर्ज पुरला असता, यातही नाही.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर युद्ध स्मशानभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६०० हून अधिक सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. शिवाय पहिल्या महायुद्धाच्या काळात गेलेल्या आणखी १,८०० हून जास्त जणांची नावं एका स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांच्या कबरी दुसरीकडे होत्या आणि पुढे नीट राखता येईनात, म्हणून निदान नावं इथे आणली. हिरवळ कापलेली असते. खडकीत मेलेल्या साहेबाचं नाव जपायला एक अख्खं कमिशन आहे. जिवंत बाईचं नाव जपायला नवराच हवा होता.

'स्टेइंग ऑन'च्या शेवटी ल्युसी मेलेल्या नवऱ्याशी बोलते. तिची तक्रार एवढीच, की मला इथे एकटीला टाकून तुम्ही मात्र घरी गेलात. पत्राने ही तक्रार मिटत नाही आणि स्कॉट ती मिटल्याचं दाखवतही नाहीत. तरीही तिच्याजवळ तो कागद आहे.

मॅरिगोल्ड हॉटेलपेक्षा ही कादंबरी मला मोठी वाटते ती यासाठी. सिनेमा म्हातारपणात नवी सुरुवात करता येते असं सांगतो आणि ते गोड आहे. कादंबरी सांगते, की कोणीतरी आधी जाणार, कोणीतरी मागे राहणार, आणि मागे राहणाऱ्याला आकडे लागतात.

परवा मी आजीला टस्करच्या पत्राची गोष्ट सांगितली. पूर्ण, अगदी प्रेमपत्रापर्यंत. ती शेंगा सोलत ऐकत होती. मला वाटलं, डोळे पुसेल.

तिने विचारलं, "त्या फंडात बाईचं नाव बरोबर होतं का?"