आरोपी : अनेकवचनी

मी कायद्याचा माणूस नाही. नांदेडला आयुष्यभर मराठी शिकवलं. निकालपत्रं वाचायची सवय एका वकील मित्रामुळे लागली. तो कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून गठ्ठा आणून माझ्या टेबलावर टाकतो आणि चहा पिऊन जातो. मी ती कथेसारखीच वाचतो : निवेदक कोण, विशेषणं कुठे दाटतात, कोणत्या पात्राला चेहरा आहे आणि कोणाला नाही. ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाचे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आहेत, २००९चा आणि २०१९चा. ते शेजारी ठेवून वाचले तेव्हा दोन रात्री झोप आली नाही.

घटना ५ जून २००३ची, नाशिक जिल्ह्यातली. बागेतल्या झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांना मारलं, पंधरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. आई आणि एक मुलगा जखमी अवस्थेत वाचले. पकडले गेलेले सहा जण भटक्या जमातीतले, आपल्या मराठवाड्यातल्या भोकरदनकडचे. २००६मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २००९ रोजी पुन्हा सहाही जणांना फाशी दिली.

हा २००९चा निकाल वाचताना संताप येतो, आणि तो येणं बरोबरच आहे. पण शिक्षेच्या भागात मी पेन्सिल घेऊन शोधत बसलो : यातला वडील कोण, सर्वांत लहान कोण, कोणी काय केलं, कोण फक्त उभा होता? हाती लागलं ते अनेकवचन. ‘आरोपींनी’. १९८०च्या बच्चन सिंग निकालाने फाशीआधी गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराकडेही पाहायला सांगितलं होतं, आणि तेही एकेका माणसाकडे. ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ हा शब्दप्रयोग तिथूनच आला. आता तो आपण बातम्यांत इतका वापरतो की त्याचं नाणं पार गुळगुळीत झालंय. २००९च्या निकालाने मात्र आधार घेतला १९९६च्या रावजी खटल्याचा, जो म्हणतो की गुन्हा पाहा, गुन्हेगार नव्हे. आणि दोनच आठवड्यांत, १३ मे रोजी, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने संतोष बरियार खटल्यात सांगितलं की रावजीचा निकाल बच्चन सिंगकडे दुर्लक्ष करून दिलेला आहे. हा खटलाही महाराष्ट्रातलाच. रावजीला तोवर फासावर जाऊन तेरा वर्षं झाली होती.

अनेकवचनाची किंमत २०१२मध्ये कळली. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. तीन न्यायालयांतून फाइल गेली, पण मुलाचं वय कोणाच्या नजरेत भरलं नाही. त्याच वर्षी चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रं लिहून अशा चुकीच्या फाशींकडे लक्ष वेधलं. पण त्यांचाही आक्षेप शिक्षेवर होता. हे सहा जण तिथे होते का, हा प्रश्न अजून पुढेच होता.

५ मार्च २०१९चा निकाल गद्य म्हणून रुक्ष आहे. त्यात तारखा आहेत. ७ जून २००३, म्हणजे घटनेनंतर दोन दिवसांनी, वाचलेल्या आईने पोलिसांच्या अल्बममधून चार फोटो ओळखले होते. ते या सहांचे नव्हते. त्या चौघांचा तपास का झाला नाही, असं न्यायालय विचारतं आणि सहाही जणांना निर्दोष सोडतं. चुकार अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगतं. भरपाई : प्रत्येकी पाच लाख, सोळा वर्षांबद्दल.

मला हा निकाल मोठा वाटतो, तरी एक तक्रार आहेच. तपासावर तो कठोर आहे, पण दहा वर्षांपूर्वीच्या आपल्याच न्यायालयाच्या भाषेकडे तो फारसा वळून पाहत नाही. तपास चुकला हे खरंच, पण वाचनही चुकलं होतं. १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं, पण गावात चोरी झाली की चौकशी अजून आधी पालांवर जाते. तेही अनेकवचनच.

मराठीत फाशीच्या कोठडीतून आलेलं पुस्तक म्हटलं की मुनव्वर शहाचं ‘येस आय अॅम गिल्टी’ आठवतं. जोशी-अभ्यंकर खटल्यातला हा कॉलेजात शिकलेला तरुण, १९८३मध्ये येरवड्यात फासावर गेला. आपला गुन्हा त्याला प्रथमपुरुषी एकवचनात कबूल करता आला. भोकरदनच्या सहांचं असं पुस्तक माझ्या कपाटात नाही. त्यांच्याबद्दल जे काही आहे ते या दोन झेरॉक्समध्ये, इंग्रजीत.

मित्र गठ्ठा परत न्यायला आला तेव्हा मी त्याला त्या आईबद्दल विचारलं. तिचं आधी ऐकलं नाही, मग तिच्याच साक्षीवर सहा जणांना फाशी दिली, आणि शेवटी ती साक्षही टिकली नाही. तो म्हणाला, “सर, निकालपत्रात ती ‘साक्षीदार क्रमांक आठ’ आहे.”