मेल्यावर लिहिलेलं

साहित्याचा विचार करताना लिहिण्याला लागणारा वेळ आपण सहसा हिशेबात धरत नाही. 'काउंटर-स्ट्राइक'सारख्या गोळीबाराच्या ऑनलाइन खेळात सहखेळाडू एकमेकांना जे लिहितात, ते मात्र हा हिशेब मांडल्याशिवाय वाचताच येत नाही.

संगणकावर हा खेळ खेळताना डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी या कळांवर असतो. त्यांनीच चालायचं. संघाला संदेश लिहायची चौकट उघडली की त्याच कळांची अक्षरं होतात आणि पाय थांबतात. लिहिणारा उभ्या उभ्या सावज होतो. चौकट चुकून उघडी राहिली, तर पळू पाहणाऱ्याच्या नावापुढे नुसती 'डब्ल्यू'ची रांग उमटते. पूर्वी तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून मजकूर आखूड असे. इथे अक्षरागणिक जीव धोक्यात पडतो. त्यामुळे जिवंत खेळाडू लिहितो ते एवढंच : 'बी', '२ मिड'. कर्ता नाही, क्रियापद नाही. फक्त जागा आणि शत्रूंची संख्या.

ऐसपैस लिहितो तो मेलेला. पाच विरुद्ध पाचच्या सामन्यात गोळी लागलेला पुढच्या फेरीपर्यंत परतत नाही. हात रिकामे, नजर उरलेल्या साथीदारावर. २००० साली बाजारात आलेल्या मूळ खेळात मेलेल्याचं लिहिणं एरवी मेलेल्यांनाच दिसे. त्यात गप्पा असत, हळहळ असे. २०१२च्या 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह'मधल्या स्पर्धात्मक सामन्यांत ते जिवंत साथीदारांपर्यंत पोचू लागलं आणि त्याचा सूरच पालटला. हळहळीच्या जागी सल्ले आले, दोषारोप आले. वाचक बदलला की लेखन बदलतं, याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

मुंबईच्या सर्व्हरवर अनोळखी पाच जण एकत्र येतात, तेव्हा सगळे रोमन लिपीत हिंदी-इंग्रजीची मिसळ लिहितात. संघात कुणी मराठी आहे हे मला बहुधा तो मेल्यावर कळतं : 'आयला!' मातृभाषेला सवड लागते.

२०१९मध्ये 'एपेक्स लेजंड्स'नं ही अडचण जवळजवळ मिटवली. जागेवर नेम धरून एक बटण दाबायचं. शत्रू कुठे, हत्यार कुठे, हे खेळच साथीदारांना सांगतो. या सोयीचं मोल मोठं आहे. आवाज ऐकताच बोलण्याचा रोख खेळावरून आपल्यावर वळतो, म्हणून अनेक मुली माइक बंद ठेवतात. त्यांना आता जीव धोक्यात घालून लिहायलाही नको.

मग लिहिण्यासाठी उरलं काय? शिव्या उरल्या, हे खरंच. पण 'एनटी'ही उरलं. 'नाइस ट्राय'ची ही दोन अक्षरं. एकटा उरलेला साथीदार चौघांशी लढून हरतो, तेव्हा आधी मेलेल्यांपैकी कुणीतरी ती लिहितो. त्यानं गुण मिळत नाहीत, गेलेली फेरी परत येत नाही. लिहिणारा त्या माणसाला ओळखतही नाही, आणि अर्ध्या तासानं दोघं पुन्हा भेटणारही नाहीत. समीक्षक म्हणून मला रस आहे तो या दोन अक्षरांत : उपयोगाचं सगळं खुणेनं सांगता येत असताना ती लिहावीशी वाटतात.