नियोगी अहवाल वाचताना: उत्तरांआधी प्रश्न बघा

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी एक वाक्य ठोकून दिलं होतं: 'नियोगी समितीने आदिवासींच्या धर्मांतराबाबत पुढील वस्तुस्थिती समोर आणली.' गाईडनी 'वस्तुस्थिती' या शब्दाखाली रेघ मारली आणि एवढंच विचारलं, "समितीने लोकांना विचारलं काय होतं, ते पाहिलंस का?" मी पाहिलं नव्हतं. शिफारशी तेवढ्या वाचल्या होत्या, त्याही दुसऱ्याच्या पुस्तकातून. आजची पोस्ट त्या चुकीवर आहे, कारण 'पेट'ची तयारी करणारे बरेच जण हीच चूक करतात.

आधी पार्श्वभूमी. १९५४ साली नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होती. राज्याच्या पूर्वेकडे रायगड, सरगुजा या आता छत्तीसगडमध्ये असलेल्या भागात ख्रिस्ती मिशनऱ्यांविरुद्ध तक्रारी वाढल्या होत्या. १४ एप्रिल १९५४ रोजी रविशंकर शुक्ल यांच्या सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी. अहवाल १९५६ मध्ये नागपूरच्या सरकारी छापखान्यातून बाहेर पडला.

समिती नेमणारा सरकारी ठराव नीट वाचा. त्यात दोन्ही बाजूंच्या तक्रारी आहेत. एक, मिशनरी जबरदस्तीने, फसवून किंवा आमिष दाखवून धर्मांतर करतात आणि त्यातून राजकीय हेतू साधतात. दोन, ख्रिस्ती लोकांचं म्हणणं की स्थानिक अधिकारी आणि इतर लोक आपल्याला त्रास देतात. म्हणजे श्रद्धा राजकारणात घुसते का, हा एक प्रश्न. आणि सरकार लोकांच्या श्रद्धेत घुसतं का, हा दुसरा. पण शिफारशींपर्यंत येता येता पहिलाच प्रश्न उरतो. ज्यांचा मुख्य उद्देश धर्मांतर आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत जायला सांगावं, वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी थेट वापर कायद्याने बंद करावा, परवानगीशिवाय धर्मप्रचाराचं साहित्य वाटू देऊ नये. मुख्य शिफारशी या वळणाच्या आहेत. अधिकाऱ्यांच्या वागणुकीला त्या तोडीचं उत्तर त्यात नाही. माझी पहिली टीका ही आहे.

आता आकडे. प्रश्नावलीत ९९ प्रश्न होते. उत्तरं आली ३८५, त्यातली ख्रिस्ती लोकांची ५५, म्हणजे सातात एक. हे वाचून आपण लगेच 'पक्षपाती नमुना' असं लिहून मोकळे होतो. थांबा. राज्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती सातात एक नव्हतेच, त्याहून फारच कमी होते. संख्येवरून पक्षपात सिद्ध होत नाही. अडचण वेगळी आहे. ९९ प्रश्नांची लेखी उत्तरं कोण देऊ शकतं? वकील, शिक्षक, पाद्री, संस्थाचालक. ज्याच्या धर्मांतरावर सगळा वाद, तो उरांव शेतकरी या ३८५ मध्ये असण्याची शक्यता किती? समितीने १४ जिल्ह्यांत फिरून ११,३६० लोकांशी संपर्क साधला हे खरं, आणि त्या मेहनतीला कमी लेखू नये. पण सरकारने नेमलेल्या समितीसमोर उभं राहून 'माझा धर्म मी का बदलला' हे सांगणं आणि घरच्या ओसरीवर सांगणं, यात फरक पडतोच.

चर्चचीही बाजू तपासायला हवी. कॅथलिक चर्चने मध्येच सहकार्य थांबवलं आणि उच्च न्यायालयात धाव घेतली. एप्रिल १९५६ मध्ये याचिका फेटाळली गेली. माहिती गोळा करणारी समिती नेमण्याचा सरकारला अधिकार आहे, असं न्यायालयाने म्हटलं. निषेध समजण्यासारखा आहे. पण त्यामुळे ज्या दस्तऐवजावर पुढे कायदे उभे राहिले, त्यात त्यांचा आवाज आणखी क्षीण झाला.

एक सदस्य एस. के. जॉर्ज स्वतः ख्रिस्ती होते, मग पक्षपात कसला, असं काही जण म्हणतात. हे जॉर्ज गांधीवादी. सविनय कायदेभंगाला पाठिंबा दिला म्हणून १९३२ मध्ये त्यांना कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजमधली नोकरी सोडावी लागली होती. श्रद्धेतून आलेली नीती सरकारविरुद्ध उभी राहू शकते, याचं जिवंत उदाहरण समितीतच बसलेलं होतं. पण एका सदस्याचा विवेक म्हणजे सगळ्या समाजाची साक्ष नव्हे.

सर्वांत अवघड मुद्दा शेवटी. धर्मांतरं बहुतांशी पटल्यामुळे नव्हे, आमिषांमुळे होतात, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, याच शहरात, बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. दीक्षा घेणाऱ्यांमध्ये नियोगीही होते. याला दांभिकपणा म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. तिथे परदेशी पैसा नव्हता, दवाखान्याचं आमिष नव्हतं. पण दीक्षाभूमीवर जमलेल्या माणसांना समता हवी होती, माणूस म्हणून मान हवा होता. ही ऐहिक कारणं होती, आणि त्यामुळे त्यांची श्रद्धा खोटी ठरत नाही. मग सरगुजातल्या माणसाला शाळा हवीशी वाटली, औषध देणाऱ्या हाताबद्दल आपलेपणा वाटला, तर तेवढ्यावरून त्याचा धर्म विकत घेतलेला कसा ठरतो? औषध देताना अट घालणं अनीती आहेच. पण अट आणि कृतज्ञता यांतली रेषा अहवालाने पुरेशी आखलेली नाही.

हा निव्वळ इतिहास नाही. १९६८ मध्ये मध्य प्रदेशने धर्म स्वातंत्र्य कायदा केला आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. आजही या वादात नियोगी अहवालाचा दाखला दिला जातो, बहुतेक वेळा न उघडता.

म्हणून सांगते: पहिला खंड वाचून थांबू नका. दुसऱ्या खंडात प्रश्नावलीची उत्तरं आणि दौऱ्याच्या नोंदी आहेत. एक वही घ्या आणि प्रत्येक साक्षीपुढे तीन गोष्टी लिहा: कोण बोललं, कोणासमोर बोललं, आणि कोणाबद्दल बोललं. माझ्या सिनॉप्सिसमध्ये आता 'वस्तुस्थिती'च्या जागी 'समितीचा निष्कर्ष' असे शब्द आहेत. तेवढ्या बदलाला मला चार महिने लागले.